डाव्या हाताची मूठ

मूठवाल्याकडे कुणी हत्यार घेऊन गेलं, की तो आधी हत्याराकडे बघायचाच नाही. "हात बघू," म्हणायचा आणि तळव्यावर ओल्या मातीचा गोळा ठेवायचा. "दाब. कामात दाबतोस तसा दाब, लाजतोस काय!" गोळ्यावर बोटांचे ठसे उठायचे, अंगठ्याचा खळगा पडायचा, आणि त्याबरहुकूम तो लाकडाची मूठ कोरायचा. चांभाराची आरी असो की माळ्याचं खुरपं, त्याची मूठ बसली की दिवसभर राबूनही हाताला फोड यायचा नाही. वाळलेले गोळे तो फळीवर मांडून ठेवायचा. सगळे उजव्या हाताचे. कुणी डावा हात पुढे केला, तर म्हणायचा, "हा नको, कामाचा दे."

आणि नेमकी त्याचीच एकुलती एक लेक डावखुरी निघाली!

पोरीला लाकडाचं भारी वेड. बापाच्या पायाशी बसून ढलप्यांची चिमुकली जनावरं कोरायची, पण डाव्या हातानं. बापानं तिच्यासाठी छोटा चाकू केला. मूठ इतकी देखणी, की शेजारीपाजारी बघायला आले. तीही उजव्या हाताचीच. चाकू डाव्या हातात धरला, की अंगठ्यासाठी कोरलेल्या खोबणीची कड उलट तळव्याकडे यायची आणि अंगठ्याच्या बुडाशी रुतायची. फोड यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. पोरगी हात पुढे करून दाखवायची.

"सवय होईल," बाप म्हणायचा, मान वरही न करता. डावा हात पुन्हा चाकूकडे गेलाच, तर पटाशीच्या दांड्यानं बोटांवर एक ठेवून द्यायचा. आई दारातून सगळं बघायची आणि आत जायची. अख्ख्या गावाच्या तळव्यांची काळजी वाहणारा माणूस हा! अशा वेळी कुठे जायची ती काळजी, कोण जाणे.

लेकीला सवय काही झाली नाही. मोठी झाली तशी ती दोन गल्ल्या सोडून एका फ्रेमवाल्याकडे कोरीवकामाला लागली. स्वतःच्या हत्यारांना डाव्या हाताच्या मुठी तिनं स्वतःच केल्या. बापाच्या कानावर ते गेलं. "गेली तर गेली, माझं काय अडलंय?" म्हणाला.

मग अडलं. एका सकाळी अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. म्हातारा हट्टाचा. डाव्या हातानं शिकेन म्हणाला आणि आपला जुना चाकू उचलला. चार ढलप्या निघाल्या नाहीत तोच अंगठ्याच्या बुडाशी कळ आली. दुसरा घेतला, तिसरा घेतला. घरभर मुठीच मुठी, सगळ्या त्याच्याच हातच्या, आणि एकही त्याला धरवेना.

"काम सुटलं तर मी जगून काय करू?" तो बायकोपुढे रडला.

"लेकीला बोलवा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती कामाच्या गोष्टीत बोलली.

लेक आली. तिनं माती मळली, गोळा केला आणि त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवला. "दाबा, बाबा." त्यानं जीव खाऊन दाबला. ठसे छान उठले. म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. तिनं जाताना फळीवरून एक जुना, वाळका गोळाही उचलला.

"तो कशाला गं?"

"असू दे," ती म्हणाली.

पुढचे दिवस त्यानं दाराकडे डोळे लावून काढले. येईल त्याला सांगायचा, "लेक करतेय माझं काम. माझ्याच हाताखाली शिकलेली आहे!"

चाकूला नवी मूठ बसवून ती घेऊन आली. लाकूड गुळगुळीत, तेल पाजलेलं, पात्यापाशी केसाइतकी फट नाही. त्यानं अधाशासारखा डावा हात पुढे केला, मूठ धरली आणि त्याचा चेहरा उतरला. कड अंगठ्याच्या बुडाशी रुतत होती.

"ही उजव्या हाताची आहे," तो म्हणाला.

तिनं पिशवीतून दोन्ही गोळे काढून त्याच्यापुढे ठेवले. वाळका गोळा त्याच्याच उजव्या हाताचा होता, उमेदीतला. "तुमच्याच हाताची आहे, बाबा. हा घ्या गोळा, ताडून बघा."

"पोरी, हा हात मेलाय गं माझा."

"सवय होईल," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली.

बायको दारातच उभी होती. तिनं लेकीला हाक मारली नाही. म्हातारा मूठ उलटसुलट करून बघत राहिला. कुठेतरी खोट सापडावी, म्हणजे फेकून देता येईल. पण खोट कुठेच नव्हती. त्याच्या आयुष्यात त्याला एवढी अचूक मूठ जमली नव्हती. शेवटी त्यानं लाकडाचा तुकडा गुडघ्यात धरला, चाकू डाव्या हातात घेतला आणि कोरायला लागला. थोड्या वेळानं फोड आला. दाखवायला समोर कुणी नव्हतं.