सांगताय की विचारताय?

अख्ख्या खानदेशात उत्तर न देता माणसाला घाम फोडणारा एकच गृहस्थ आहे आणि माझं नशीब असं की तो माझा चुलतसासरा आहे. नाना एरंडोलला इंग्रजीचे मास्तर होते, आता जळगावला मेहरूण तलावापाशी राहतात. शाळा सुटली, मास्तरकी सुटली नाही. इंग्रजीत 'यू आर' म्हटलं की ते सांगणं आणि 'आर यू' म्हटलं की ते विचारणं, ही त्यांच्या आयुष्याची रेषा. प्रश्न विचारणारा गरजवंत असतो, तेव्हा 'यू'नं पाटावरून उठून 'आर'ला आधी बसवायचं, असं ते म्हणत. जो 'यू'ला बसल्या जागी ठेवून नुसता आवाज वर चढवतो, त्याला नाना उत्तर देत नाहीत. चष्म्यावरून बघत एवढंच म्हणतात, "सांगी ऱ्हायनात का इचारी ऱ्हायनात?"

मी ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो आणि माझं इंग्रजीही थेंबथेंबच येतं. पण लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाडीवर छाप पाडायची मला भारी हौस. पंगतीत खापरावरचे मांडे आणि आमरस. नाना स्वतः वाढत होते. मी ऐटीत म्हणालो, "नाना, देअर इज मोअर?" नानांनी मान डोलावली, म्हणजे माझ्या माहितीला दुजोरा दिला, आणि ताट घेऊन पुढच्या पाहुण्याकडे गेले. जावई असून मी त्या दिवशी अर्धपोटी उठलो. दुसऱ्या वर्षी त्यांची तब्येत विचारायला गेलो. "यू आर वेल, नाना?" तर म्हणाले, "कळवल्याबद्दल आभारी आहे. डॉक्टरांना मात्र अजून खात्री नाही." तेव्हापासून मी त्यांच्याशी शुद्ध मराठीत बोलतो आणि शक्यतो हवामानावर.

गेल्या आखाजीला मात्र नानांची रेषा नानांनाच नडली. परदेशातली त्यांची मुलगी बऱ्याच वर्षांनी माहेरी आली, सोबत तिची लेक. नात तान्ही असताना नानांनी पाहिलेली, आता चांगली झोक्यावर उभी राहून झोका घेण्याएवढी. मराठी तिला येत नव्हतं. नाना महिनाभर आधीपासून इंग्रजी पुटपुटत होते. नातीशी आपण एकटेच बोलू शकू याचा त्यांना केवढा अभिमान! पोरगी दारात आली, त्यांच्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "यू आर माय ग्रँडपा?" नानांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "टेलिंग ऑर आस्किंग?"

पोरगी आईच्या मागे लपली, ती पुढे नानांशी एक शब्द बोलली नाही. नानांनी आमरसाची वाटी बाजूला सारली. घरात कोणी त्यांना काही म्हणेना, त्यामुळे त्यांना जास्तच लागलं. शेवटी त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "जावईबापू, तुमचं इंग्रजी वाईट आहे. ती तुम्हाला घाबरणार नाही. जरा बोला तिच्याशी." माझ्या इंग्रजीची कुणाला गरज पडावी, असा तो पहिलाच प्रसंग.

मी मागच्या निंबाला बांधलेल्या झोक्यापाशी गेलो. गल्लीतल्या बाया तिच्या आईला विचारत होत्या, "तुले लेवाले कोन उना व्हता वं?" म्हणजे, तुला घ्यायला कोण आलं होतं? आमच्याकडे आखाजीला लेकीला माहेरी आणायला मुराळी जातो, एकटीनं यायचं नसतं. पोरीनं मला त्या काय म्हणतात ते विचारलं. मी छाती काढून सांगितलं, "आखाजी कम. गर्ल सिट सासर, क्राय. मुराळी गो. गर्ल कम, नो क्राय." पोरगी हसून हसून झोक्यावरून पडायची राहिली. ओट्यावर बसलेल्या नानांनी सगळं ऐकलं. त्यांच्या कानांना किती यातना झाल्या असतील ते देव जाणे, पण त्यांनी माझी एकही चूक काढली नाही. मला फार वाईट वाटलं हो त्यांचं.

सुट्टी संपली. जळगाव स्टेशनवर गाडीत सामान चढवून झालं. नाना खिडकीशी उभे, हातातला सांजोऱ्यांचा डबा द्यायचं विसरलेले. पोरीनं खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचं बोट धरलं आणि आवाज वर चढवून म्हणाली, "नेक्स्ट आखाजी, यू विल कम टू टेक मी?"

'यू' बसल्या जागी, मागे 'विल'. मी डोळे मिटून घेतले. आता चष्मा खाली येणार. पण नाना म्हणाले, "येस." आणि पुन्हा एकदा, "येस, येस." गाडी हलली. डबा मी धावत जाऊन खिडकीतून आत दिला.

परत येताना मला राहवेना. म्हटलं, "नाना, वाक्य तर सरळच होतं की तिचं."

"सरळच व्हतं," नाना म्हणाले. "ती इचारी नही ऱ्हायनी व्हती, जावईबापू. सांगी ऱ्हायनी व्हती. आते सांगेल कामले नही कसं म्हनानं?"

धुळ्यापलीकडे एकट्यानं कधी न गेलेला माणूस. गुडघे दुखतात, दम लागतो. तलाव आला. मग हळूच म्हणाले, "इमानमां मांडा लई जाऊ देतस का?"

इतक्या वर्षांत, खरंच उत्तर हवं म्हणून त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी कधी विमानात बसलेलो नाही.

"देतात, नाना," मी सांगितलं.