दुर्बिणीतून दिसलेलं बटण

धाकट्या भावाची परवान्याची बंदूक जमा करायला शस्त्रांच्या दुकानात गेलो होतो. काजूच्या बागेत एका शिकाऱ्याच्या गोळीने तो गेला, त्याला महिना झाला.

शेजारी एक गृहस्थ अर्धस्वयंचलित रायफलीवर दुर्बीण बसवायची पट्टी निवडत होते, पडद्याचा दांडा निवडावा तशी.

"ही घ्या साहेब. धक्क्याने दुर्बीण जराही हलणार नाही," दुकानदार म्हणाला.

दुर्बीण हलू नये म्हणून केवढी काळजी. समोर कोण आहे ते पाहायला क्षणभर थांबायची मात्र तयारी नाही.

गृहस्थांनी हौसेने नुसती दुर्बीण माझ्या हाती दिली. "बघा काका, किती स्वच्छ दिसतं."

पाहिलं. रस्त्यापलीकडे चहा पिणाऱ्याच्या सदऱ्याचं तुटकं बटणसुद्धा दिसलं.

त्या शिकाऱ्याकडेही अशीच दुर्बीण होती. "रानडुक्कर वाटलं," असा त्याचा जबाब आहे.

चष्मा लावलेलं रानडुक्कर.