बादलीत बुडालेला शेवट

परवा अमरावतीत दाराला झेंडूचं तोरण बांधत होतो, तर फोन सारखा वाजून राहिला. कालयंत्राच्या एका जुन्या नभोनाट्याच्या चाहत्यांचा आमचा ग्रुप आहे. तिथे शेवटावरून जुंपली होती. एका शहाण्यानं लिहिलं, "नायक भूतकाळात आईकडे परत जातो, हे शास्त्रात बसत नाही. निव्वळ रडूबाईपणा!"

माझं डोकंच फिरलं. हातांना झेंडूचा तोच उग्र वास येत होता.

कितीतरी वर्षांपूर्वी हिवरखेडच्या मळ्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे हार ओवत होतो. मधोमध रेडिओवर याच नाटकाचा शेवटचा भाग चालू होता. नायक यंत्राच्या दारात उभा, आईकडे जावं की नाही, आणि नेमका रेडिओ खरखरला. घरचा स्वयंघोषित इंजिनियर मीच. सणसणीत चापट हाणली. रेडिओ थेट फुलांवर शिंपडायच्या पाण्याच्या बादलीत!

"मुडद्या, आता तो गेला का नाही, मले कोन सांगन?" काकू कडाडली.

तिचा मुलगा सुधाकर भांडून घर सोडून गेला होता. मी मात्र हसत म्हणालो, "काकू, नाटकच त हाये!"

काकूनं रेडिओ पदरानं पुसला. "गेलाच असन तो," ती स्वतःशीच म्हणाली. "माय वाट पाहून राहिली ना."

पुढे काकू वारली, पण सुधाकर काही आला नाही. नाटकातला तरी पोरगा घरी गेला, तर या शहाण्याच्या पोटात कावून दुखते?