नारळ कुठं गेला

टीव्हीवरच्या एका मालिकेचा शेवटचा भाग संपला तेव्हा बायको माझ्याकडं बघून हसली, आणि सोमवारी सकाळी कंपनीची अख्खी बस हसली. मालिका विनोदी होती, त्यामुळं हसण्याला माझी हरकत नव्हती. पण लोकांनी पडद्याकडं बघून हसावं एवढी साधी अपेक्षा असते माणसाची.

ती मालिका होती एका आडगावच्या सरकारी कचेरीची. सहा माणसं, एक आवाज करणारा पंखा आणि कधीच न सापडणारी एक फाइल, एवढ्यावर त्यांनी अख्खं पर्व ओढलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी लागायची. बायकोला ती आवडायची, कारण तिच्या शाळेच्या ऑफिसात तश्शीच माणसं आहेत. आईला आवडायची, कारण तिच्यात कुणी कुणाच्या दुधात काही कालवत नाही. मला आवडायची, कारण सोमवारी बसमध्ये बोलायला विषय मिळायचा. आमची बस क्रांती चौकातून निघते आणि पैठण रोडनं चितेगावला कंपनीत पोचायला पाऊण तास घेते. एकोणीस वर्षं रोज पाऊण तास बोलायचं, तर विषय लागतातच.

तर शेवटच्या भागात काय झालं, ते आधी सांगतो.

कचेरीतले मोठे बाबू रिटायर होतात. निरोप समारंभ. त्यांच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. साहेब उठतात, खिशातून घडी पडून पडून फाटायला आलेला एक कागद काढतात आणि वाचायला लागतात, "आज माझ्या एका डोळ्यात हसू आहे आणि एका डोळ्यात आसू..." पुढं जे नाव वाचतात, ते मोठ्या बाबूंचं नसतंच. चार महिन्यांपूर्वी रिटायर झालेल्या शिपायाचं असतं. सगळी कचेरी खाली मान घालून हसू दाबते. मोठे बाबू शांतपणे उठतात, खांद्यावरची शाल काढून तिची नीट घडी घालतात, ती खुर्चीवर ठेवतात आणि दारातून बाहेर जातात. साहेब उरलेलं न वाचताच कागद खिशात ठेवतात. पंखा आवाज करतोय. पर्व समाप्त.

बायको सोफ्यावर आडवी पडून हसत होती. "अहो, हे तुमच्यावरूनच घेतलंय! तुमच्या कंपनीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलंय!"

आता हे कबूल करणं भाग आहे. आमच्या कंपनीत कुणीही रिटायर झालं की भाषण मी करतो. आठवीत असताना मला वक्तृत्वात उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, आणि ही गोष्ट मी नोकरीला लागल्या लागल्या नको त्या माणसाला सांगितली. पहिल्या निरोपाला मी दोन दिवस खपून भाषण लिहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या निरोपाला वेळ नव्हता, म्हणून तेच वाचलं. टाळ्या तेवढ्याच. तिसऱ्या वेळी मी तो कागद लॅमिनेट करून आणला.

मी क्वालिटीत आहे, आणि आमच्याकडं जी गोष्ट एकदा पास झाली ती उगाच बदलायची नसते. नावाच्या जागी एक रिकामी चौकट ठेवली होती. समारंभाच्या दिवशी तिथं बोर्डावर लिहायच्या मार्करनं नाव लिहायचं, नंतर बोटानं पुसायचं. एकदा पुसायला विसरलो आणि गेटवरच्या जमादारांना आधीच्या लेथवाल्याच्या नावानं निरोप दिला. जमादार मोठ्या मनाचे. म्हणाले, "असू द्या साहेब, तोही चांगलाच माणूस होता." एकदा जन्मभर लग्न न केलेल्या पेंट शॉपच्या फोरमनला मी "आता नातवंडांत रमावं" असा सल्ला दिला. ते आजही रस्त्यात भेटले की विचारतात, "कुठून आणू?"

तेव्हा बायकोचा संशय अगदीच निराधार नव्हता.

आई मात्र हसत नव्हती. ती फुलंब्रीकडची, आणि एखादी गोष्ट तिच्या डोक्यात बसली की बसली. ती टीव्हीकडं बोट करून म्हणाली, "नारळ कुठं गेला?"

"कुठला नारळ?"

"त्याच्या हातात दिला व्हता ना आत्ता. शाल खुर्चीवर ठेवली. नारळ कुठंय?"

बायकोनं फोनवर तो भाग पुन्हा लावला. खरंच, मोठे बाबू उठतात तेव्हा हातात नारळ नाही, टेबलावर नाही, खुर्चीवरही नाही.

"नेला त्यानं," आई म्हणाली. "पिशवीत घातला. म्हंजी माणूस रागानं नाय गेला. रागावलेला माणूस नारळ नेत नसतो."

मी पण हसलो, पण ते वरवरचं. कारण त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी आमच्या स्टोअरमधले मामू रिटायर होणार होते, आणि भाषण माझ्याकडंच होतं.

मामू खुलताबादचे. तिथून रोज पहाटेची पहिली गाडी पकडून यायचे आणि आमच्या आधी बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, बसलेले असायचे. एकतीस वर्षं ते स्टोअरच्या खिडकीत बसले. हातमोजा असो, ड्रिल असो की झाडू, त्यांचा नियम एक, जुनं जमा करा, नवं घेऊन जा. एकदा मॅनेजरसाहेब स्वतः नवी बॅटरी मागायला आले, तर मामू म्हणाले, "साब, जुनी?" साहेब परत गेले, टॉर्च उघडून जुनी बॅटरी घेऊन आले.

माझं ते भाषण मामूंनी प्रत्येक वेळी पहिल्या रांगेत बसून ऐकलेलं होतं. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. आणि आता मोठ्या बाबूंनी काय केलं, तेही त्यांनी पाहिलं असणार. मला सारखी शालीची ती घडी दिसायला लागली.

सोमवारी बसमध्ये पाय ठेवला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "एका डोळ्यात हसू!" सगळी बस एका सुरात, "एका डोळ्यात आसू!" ड्रायव्हरनं तर हॉर्नही वाजवला.

मग मतं सुरू झाली. अकाउंटच्या मॅडम म्हणाल्या, शेवट एकदम बरोबर केला, माणसाचा मान राखायचा नसेल तर समारंभ करूच नये. त्यांच्या शेजारचा प्रेस शॉपवाला म्हणाला, "मान कसला मॅडम, त्याला एसटी पकडायची असंल. पाचची गाडी गेली की मग कवा घरी पोचायचं?" ड्रायव्हरचं म्हणणं, हे सगळं दुसरं पर्व आणायसाठी आहे, मोठे बाबू दुसऱ्याच दिवशी परत येऊन त्याच खुर्चीवर बसतील. मागच्या सीटवरून एकानं ठामपणे सांगितलं, ते संडासला गेले. मी आईचा नारळाचा मुद्दा मांडला. त्यावर बिडकीन फाटा येईपर्यंत चर्चा झाली... चितेगाव मागं पडलं, बस वळवून आणावी लागली. ड्रायव्हरनं त्याबद्दल मला जबाबदार धरलं.

मामू तेवढे खिडकीतून बाहेर बघत बसले होते.

"मामू, तुमचं काय म्हणणं?" मॅडमनी विचारलं.

मामूंनी माझ्याकडं एकदा बघितलं. "मेरा बाद में," ते म्हणाले. "आधी माझा दिवस तर येऊ द्या."

बस पुन्हा हसली. मी मनात ठरवून टाकलं, या वेळी लॅमिनेटवाला कागद काढायचा नाही.

पुढच्या रविवारी मी जेवणं झाल्यावर नवीन वही घेऊन बसलो. लिहिलं, "मामू म्हणजे..." आणि थांबलो. एकोणीस वर्षं आम्ही एका बसनं गेलो. सीताफळांच्या दिवसांत ते पिशवी भरून आणायचे आणि पहिलं फळ मला द्यायचे. पण त्यांना मुलं किती, एक मुलगा आणि दोन मुली की उलटं, हे मला माहीत नव्हतं. गुडघा कुठला दुखतो ते माहीत होतं, डावा, कारण ते डाव्या पायानं बसची पायरी कधी चढत नाहीत. भाषणात गुडघा घालावा का?

बायको शेजारी बसून लाल पेननं खोडत होती. शाळेत राहून राहून तिला सवय लागली आहे. "'कर्तव्यनिष्ठ' काढा. 'मनमिळाऊ' काढा. हे काय, 'वटवृक्ष'? अहो, ते पाच फुटी आहेत."

"मग लिहू काय?"

"जे दिसलं ते लिहा."

आई आतून म्हणाली, "आणि नारळ चांगला बघून आण. हालवून बघ. पाणी वाजलं पायजे."

पुढचा आठवडाभर मी स्टोअरच्या खिडकीशी काहीतरी निमित्त काढून उभा राहिलो. माहिती काढली. मुली दोन, मुलगा एक. एकोणीस वर्षांत न विचारलेली ही गोष्ट विचारायला मला अर्धं मिनिट लागलं. मामू म्हणाले, "क्या बात है, रोज खडू मागायला येतो? जुना खडू कुठंय?" मी म्हणालो, खडू संपतो मामू, तो जमा कसा करणार? ते म्हणाले, "तुकडा तो बचता ना?"

शेवटचा दिवस आला. शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्ये खुर्च्या लावल्या. मामू पांढरा झब्बा घालून आले होते. शाल झाली, नारळ झाला. नारळ मी हालवून बघून आणलेला. मी उभा राहिलो, खिशातून चार पानं काढली. 

"खिडकीतून माणूस पूर्ण दिसत नाही," मी वाचलं. वाक्य माझंच होतं, बायकोनं पास केलेलं. "आम्ही मामूंना एकतीस वर्षं फक्त कमरेपासून वर..."

"रुको," मामू म्हणाले.

 वर पंखा आवाज करत होता, तोही आत्ताच मला ऐकू यायला लागला. मला वाटलं, आता शालीची घडी घालणार.

"ये कौनसा है?" मामूंनी विचारलं.

"नवीन आहे, मामू. तुमच्यासाठी लिहिलंय."

"जुनं जमा केलं?"

दोन सेकंद कुणाला कळलं नाही. मग प्रेस शॉपवाला जो हसला, तो खुर्चीसकट मागं गेला.

मामू मात्र हसत नव्हते. ते उभे राहिले. "एकतीस साल मी तिथं बसून हेच सांगितलं. जुनं द्या, मग नवं घ्या. जमादारला जुनं मिळालं. लेथवाल्याला मिळालं. फोरमनला मिळालं, त्याला तर नातवंडंबी मिळाली. सब मेरे जोडीदार. जो उनकू मिला वो मेरेकू कायकू नै?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि तुम्ही सगळे विचारत होते ना, मेरा क्या कहना है? त्या साहेबाचं चुकलं. पण नाव चुकलं म्हणून नाय. त्यानं अर्ध्यात सोडलं. मोठा बाबू दाराच्या बाहेर उभा राहून ऐकत होता. कॅमेरा तिकडं गेलाच नाय. चल, वाच."

लॅमिनेट केलेला कागद तर मी घरीच ठेवून आलो होतो. मुद्दाम. तोंडपाठ म्हणायला लागलो. हसू झालं, आसू झालं, "सेवानिवृत्ती हा पूर्णविराम नसून..." आणि अडकलो. उत्तेजनार्थवाला माणूस मी. सगळं कॅन्टीन ओरडलं, "स्वल्पविराम आहे!" तिथून पुढं ते भाषण माझ्या हातात राहिलं नाही. अकाउंटच्या मॅडमनी एक वाक्य म्हटलं, ड्रायव्हरनं एक. नातवंडांचं वाक्य सगळ्यांनी मिळून म्हटलं. नाव यायच्या जागी मी थांबलो आणि मामूंनी स्वतःचं नाव स्वतःच मोठ्यानं सांगितलं, हजेरी द्यावी तसं.

मग बसचा हॉर्न वाजला. नवीन चार पानं माझ्या हातातच राहिली. मामूंनी हात पुढं केला, "ला. आता नवं मिळणार." मी दिली. त्यांनी न वाचता घडी केली आणि झब्ब्याच्या खिशात ठेवली.

परतीच्या बसमध्ये मामू नेहमीच्या सीटवर, खिडकीतून वारा येत होता म्हणून शाल डोक्यावरून घेतलेली. क्रांती चौकात ते उतरले, उजवा पाय आधी. हात हलवला आणि खुलताबादच्या गाडीसाठी स्टँडकडं चालायला लागले. बस बाकीच्यांना घराजवळ सोडायला पुढं निघाली.

आणि मला त्यांच्या सीटवर पिशवी दिसली. आत नारळ.

सांगून खोटं वाटेल, पण माझे डोळे भरून आले. दोन्ही. हसू कुठंच नव्हतं. राहून गेला की ठेवून गेले, हे विचारायलाही आता ते नव्हते. तेवढ्यात बसच्या पत्र्यावर धडाधड थापा पडल्या. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. दारात मामू, धापा टाकत, शाल गळ्यात गुंडाळलेली, डावा गुडघा धरलेला.

"अरे, मेरा नारळ! घरवालीनं सकाळीच चटणीचं सांगून ठेवलंय!"

मी पिशवी दिली. त्यांनी नारळ बाहेर काढला, कानाशी धरून हालवला, "हौ, पाणी है," म्हणाले आणि गेले.

घरी आलो तेव्हा आई दारातच पाट टाकून शेंगा फोडत बसली होती. समारंभ कसा झाला, भाषण कसं झालं, काही विचारलं नाही.

"नारळ नेला का त्यानं?"

"नेला," मी म्हणालो. "पळत येऊन नेला."

"मंग बरं," आई म्हणाली, आणि फोडलेल्या शेंगांचे दाणे माझ्या हातात ठेवले.