भित्रे तात्या आणि खाणीची तार

भित्रे तात्यांइतका भित्रा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि वितळलेल्या जस्ताच्या कढईशी बारा-तेरा वर्षं उभा राहिलेलाही दुसरा पाहिला नाही. भित्रे हे त्यांचं आडनाव नव्हे, ती कारखान्यानं बहाल केलेली पदवी. कोणी 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणून चिडवलं तर ते हसून म्हणायचे, "पाठी हाय तवर बरा हाय. कढईत नको उतराया."

साठीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. भाईंदरला मिठागरांच्या कडेला आमचा तारेचा कारखाना होता. काळी पोलादी तार यायची. ती तेजाबात धुवायची, नवसागराच्या पाण्यातून काढायची, तापल्या पत्र्यावर सुकवायची आणि जस्ताच्या रसातून ओढायची. पलीकडे ती लखलखीत होऊन निघे आणि कुंपणांना जाई. मी बी.एस्सी. होऊन तिथं तपासणीला लागले. आम्ही रत्नागिरीकडचे; वडील अंथरुणाला खिळलेले, घरात मिळवती मी एकटी. तात्या कढईचे मुख्य कारागीर, तिथल्याच जुन्या मिठागरवाल्या घरातले. मला ते 'बाय' म्हणत.

त्यांची मोठी भीती पाण्याची. जस्ताच्या रसात पाण्याचा थेंब खाली गेला की त्याची वाफ होते आणि ती वर येताना रस उडवते. तात्यांच्या हातांवर त्याचे तांदळाएवढे पांढरे डाग होते. एकदा शेठचा पाहुणा ओली छत्री घेऊन कढईपाशी आला, तर तात्यांनी ती हिसकावून दाराबाहेर चिखलात फेकली. पाहुणा भडकला. तात्या हात जोडून त्याची माफी मागत होते आणि छत्री मात्र परत आणू देत नव्हते. केस धुतलेल्या दिवशी मलाही दारातूनच वळवायचे. "सुकव आधी, मंग ये."

सगळ्यात जास्त भ्यायचे ते सांध्याला. एक वेटोळं संपलं की त्याचं टोक पुढच्या वेटोळ्याच्या टोकाशी पिळून जोडत. त्या पिळाच्या पोटात पाणी लपून बसतं. वरून हात लावला तर कोरडं, आत ओलं. म्हणून प्रत्येक सांध्याला तात्या ओढ थांबवत आणि तो पीळ कोळशाच्या शेगडीवर धरून बसत. पोरं कंटाळून बिड्या ओढायला जात. तात्या तिथंच उकिडवे बसून पिळाकडे बघत राहायचे.

कारखान्यामागच्या बांधावर त्यांनी एक खांब रोवला होता. प्रत्येक मालाचा वीतभर तुकडा ते त्या खांबाला बांधत. वर्षातला कितवा माल ते कळावं म्हणून शेजारी सुतळीला तेवढ्या गाठी. खाऱ्या वाऱ्यात ते तुकडे वर्षानुवर्षं लोंबकळत. "जस्त राखनदार हाय, बाय," ते सांगायचे. "खारं वारं आधी त्याला खातं. तो पुरता मेला का मंग लोखंडाची पाळी." मी पुस्तकात हेच वाचलं होतं, पण तिथं कोणी मरत नव्हतं.

माझी परीक्षा मोरचुदाची. मोरचूद म्हणजे तांब्याचा निळा क्षार, त्याच्या पाण्यात तार एक मिनिट बुडवायची, धुऊन पुसायची, पुन्हा बुडवायची. तारेवर तांब्याचा लालसर थर चिकटून बसला तर समजायचं, जस्त संपलं, खालचं लोखंड उघडं पडलं. कुंपणाच्या तारेनं तीन बुडव्या सोसल्या की मी पास लिहून सही करी. तात्या तोवर दाराशी हात मागे बांधून उभे. पास म्हटलं की नमस्कार करून जायचे. नमस्कार मला की मोरचुदाला ते मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी पावसाळ्याआधी घोडबंदरकडच्या एका दगडाच्या खाणीची ऑर्डर आली. खाण बंद पडून पाण्यानं भरली होती. काठावरून पायवाट, पायवाटेला लागून शाळा. मुलांसाठी कुंपण हवं होतं. तात्यांची लेक त्याच गावात दिलेली, नात चंदी त्याच शाळेत. तात्या खुशीत होते. माल मात्र घाईचा होता. शेठनं ओढ वाढवायला लावली आणि तार कढईतून भरभर निघाली; जस्त धरायला तिला वेळ कमी मिळाला.

त्याच आठवड्यात माझ्याकडचा मोरचूद संपत आला होता. नवा मागवायचा कंटाळा म्हणा, तोलूनमापून वापरण्याचा घरचा संस्कार म्हणा, मी तेच पाणी दहा-बारा दिवस वापरलं. निळा रंग फिकट झालेला मला दिसत होता. दमलेल्या मोरचुदाला तारेवर तांबं चढवण्याची ताकद उरत नाही. त्यात वाईट तारही पास होते. हे मला ठाऊक होतं. तार तीन बुडव्या सोसून निघाली आणि मी सही केली.

नवरात्राच्या आधी तात्यांनी मला बांधावर बोलावलं. खांबावरचे जुने तुकडे राखाडी, शांत. पाच गाठींचा तुकडा लाल झाला होता. पाच गाठी म्हणजे यंदाचा पाचवा माल, खाणीची तार. तात्यांनी बोट फिरवलं, बोटाला तांबूस भुकटी लागली.

"मोरचूद कवा बदललंस, बाय?"

मी खरं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले. बोटावरची भुकटी चोळत म्हणाले, "कुंपण न्हाय तिथं पोरं भितात, लांबून जातात. कुंपण हाय तिथं टेकतात."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं घोडबंदरला गेलो. शाळा सुटली होती. मुलं कुंपणाला दप्तरं अडकवून, तारेवर पोट टेकून खाली पाण्यात दगड मारत होती. सात-आठ वर्षांची चंदी त्यांत होती. तिच्या फ्रॉकवर पोटापाशी गंजाची आडवी रेघ. खाली पाणी हिरवंकाळं, खोल. तारेचा पीळ जिथं जिथं होता तिथं तिथं गंज.

शेठला मी दबकत सांगून पाहिलं. तो वर न बघता म्हणाला, "कागजपर पास आहे ना बाई? सही तुमचीच आहे. मग?" पुन्हा तार हवी तर माझी परीक्षा खोटी होती हे मी लिहून द्यायला हवं होतं. लिहून दिलं की नोकरी गेली. मी घरी जाऊन कागद घ्यायची, वडिलांच्या औषधांच्या बाटल्या दिसायच्या, कागद ठेवून द्यायची. असे आठ दिवस गेले. मी भ्याले होते, दुसरा सभ्य शब्द मला आजही सापडलेला नाही.

तात्यांनी मला एकदाही टोकलं नाही. सकाळची पाळी संपली की ते बस पकडत आणि शाळा सुटायच्या वेळी खाणीपाशी हजर होत. कुंपण आणि मुलं यांच्या मधे उभे राहत. चंदीला त्यांनी बजावलं होतं, "तारेला हात लावलास तर आजा मेला समज." मुलं त्यांना वेडा आजोबा म्हणू लागली. हे मला दुसऱ्यांकडून कळलं, आणि नवव्या दिवशी मी कागद लिहून शेठच्या टेबलावर ठेवला.

शेठ लालबुंद झाला, पण लेखी कबुली हातात आल्यावर नाही म्हणता येईना. म्हणाला, "दोन दिवसांत तार काढा. ती निघाली की बाई, तुम्ही पण निघा." आणि नेमका त्या रात्रीपासून परतीचा पाऊस धरला. आधीचे आठही दिवस खणखणीत ऊन पडलं होतं.

कोळसा ओला, पत्रे गळके, सुकवायचा पत्रा तापेना. तात्या सगळीकडे धावत होते. छपरातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली डबे लावत होते, प्रत्येक सांधा शेगडीवर धरत होते. मी चिमटा घेऊन कढईपाशी नमुन्याची वाट बघत उभी. एक सांधा आला. तात्यांनी तो शेकला, उलट्या हातानं चाचपला, मान हलवली. तार पुढं गेली आणि लगेच त्यांचा चेहरा पालटला. काय जाणवलं त्यांना, देव जाणे. "बाय, मागं!" म्हणत त्यांनी मला ढकललं. मी पडले. वर मोठा आवाज झाला.

माझ्या साडीच्या काठाला दोन भोकं पडली. बाकी सगळं तात्यांच्या तोंडावर गेलं.

इस्पितळात डोळ्यांवर पट्टी होती. माझा आवाज ऐकताच त्यांनी विचारलं, "उरलेली तार निघाली?" निघाली म्हटलं. "मोरचूद ताजं हुतं?" मी म्हणाले, "नवी पुडी फोडली, तात्या. तीन बुडव्या झाल्या, चौथीही सोसली." "मंग झालं," म्हणाले आणि कुशीवर वळले. मी बाहेर येऊन जिन्यात बसून रडले.

एक डोळा गेला. दुसऱ्याला उजेड आणि सावली एवढंच उरलं. दिवाळीनंतर खाणीला नवी तार लागली, तेव्हा त्यांनी मला निरोप धाडून बोलावलं. चंदी त्यांचा हात धरून होती. तात्या कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवत गेले. प्रत्येक पिळाशी थांबत, अंगठा नाकाशी नेत. मग चंदीला म्हणाले, "टेक आता."

पोरगी टेकेना. आजा मरेल म्हणून तिनं हात मागे बांधून घेतले.

तेव्हा तात्या वळले. उभ्या आयुष्यात ओल्या छत्रीला भ्यालेला तो माणूस पाण्याकडे पाठ करून तारेवर सगळा भार टाकून रेलला. तार करकरली. चंदी हसली आणि शेजारी जाऊन टेकली.

"ये बाय, तू पन टेक," ते म्हणाले.

मला पुढं पाऊल टाकवेना. त्या नव्या तारेच्या कागदावरही सही माझीच होती.