जनान्याच्या दारावरची माय

नांदेड सोडलं त्या दिवशी माय मला सोडायला स्टँडवर आली नाही. तीनचा खेळ सुरू होणार होता आणि ती टॉकीजच्या जनान्यात, म्हणजे बायांच्या बाजूच्या दारावर, तिकिटं फाडायची. बॅग घेऊन मीच मागच्या गल्लीत गेले. "नीट ऱ्हा पोरी. जा आता, बाया यायल्यात," एवढंच म्हणाली. पुण्यापर्यंत मी रागातच होते.

मागच्या महिन्यात कळलं, टॉकीज पाडली. नांदेडकरांनो, तुम्ही तिकडं असाल, नाहीतर माझ्यासारखे पुण्यात, हैदराबादेत. सांगा बरं, ती बांधली कुणी? कुणी म्हणतं आधी तिथं नाटकाचा तंबू होता, कुणी म्हणतं लाकडाची वखार. मला चैनच पडेना. माय तेव्हा माझ्याकडंच आलेली, आता तिनं पुण्यातच राहावं असा माझा हट्ट. तिलाच विचारलं.

ते तिला ठाऊक नव्हतं, पण भलतंच एक कळलं. पुरुषांची गर्दी बाहेर पडायच्या आत बायांना घरी धाडायचं म्हणून माय पिक्चर संपायच्या पाच मिनिटं आधी जनाना रिकामा करायची. दुसऱ्या दिवशी नळावर बाया विचारायच्या, शेवटी काय झालं? माय तर दार धरून उभी. तिनं तरी कुठं पाहिलेलं?

"मग काय सांगायचीस?"

"सुचंल ते. बायांना रडवायचं थोडंच?"

म्हणजे लहानपणी मी ऐकलेले सगळे शेवट मायच्या पदरचे. त्यांच्यावरून मी शाळेत पैजा लावून भांडलेय.

अख्ख्या नोकरीत एकही शेवट न पाहिलेल्या बाईचं मला लई वाईट वाटलं. तिला मल्टिप्लेक्सला नेलं. शेवट आला तशी ती उठायला लागली. हात धरून बसवलं. पूर्ण पाहिला तिनं. रिक्षात म्हणाली, "असं संपवतेत का? त्या सुनेला उगंच मारून टाकलं." मग आठवडाभर राहिली. "इथं कुणी काही इचारतच न्हाई," म्हणाली आणि नांदेडला परत गेली. मी अडवलं नाही, पण रडले.

काल फोन केला तर ती गल्लीतल्या बायांना तोच पिक्चर सांगत होती. "थांब जरा," म्हणाली आणि फोन चालूच बाजूला ठेवला. तिच्या सांगण्यात सून जगली होती, सासूला घेऊन दवाखान्यात निघाली होती. पिक्चर मी स्वतः पाहिलेला. तरी पुढं काय झालं ते ऐकायला गॅस बंद केला आणि फोन कानाला लावून ओट्यापाशी उभी राहिले.