नकाशावरचा लाल दोरा

पद्माताईंच्या मॅचिंग सेंटरमध्ये रीळ घ्यायला आलेल्या बाईला त्या दुकानात उभं राहू देत नसत. ब्लाउजपीस आणि रीळ तिच्या हातात देऊन तिला सरळ बाहेर उन्हात काढायच्या. "ट्यूबलाइट खोटं बोलते, बाई. रंग उनात पाहा." रिसोडच्या बाजारात त्यांच्या शेजारी माझं चष्म्याचं दुकान. त्यांची गिऱ्हाइकं माझ्या पायरीवर डोळे किलकिले करून उभी राहायची आणि मी चिडायचो. पण पद्माताईंवरचा राग चहा येईपर्यंतही टिकत नसे. आता दुकान बंद करून दोघं मुलाकडे अकोल्याला गेलीत, आणि पायरी मोकळी असली की मला करमत नाही.

दोघं म्हणजे त्या आणि त्यांचे यजमान सुरेशभाऊ. सुरेशभाऊंना काचबिंदूने गाठलं होतं. नजर कडेकडेने मिटत चाललेली. समोरचं तेवढं दिसायचं, तेही डाव्या डोळ्याने बरं. गेलेलं परत येत नाही आणि उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. लग्नात त्यांनी बायकोला मोटरसायकलवरून समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. संसाराच्या रगाड्यात तो दोघांचाही राहून गेला.

"आता मीच दाखवीन ह्यायले," पद्माताई म्हणाल्या आणि पन्नाशी उलटल्यावर रिठदच्या रस्त्यावर नवऱ्याची मोटरसायकल शिकू लागल्या. ढोपरं फुटली. मी काळजीने विचारलं, तर म्हणाल्या, "पडली ते गाडी पडली, रफीकभाऊ. मी थोडीच पडली?"

मग दुकानातल्या कापड कापायच्या टेबलावर कोकणचा नकाशा पसरला. टाचण्या टोचून त्यांनी किनाऱ्याकिनाऱ्याने लाल दोरा ताणला. सगळे अलिबागकडून खाली जातात. पद्माताईंचा दोरा वेंगुर्ल्याहून वर निघाला.

"उलटं काहून?" मी विचारलं.

"खालून वर आलं का समुद्र डाव्या हाताले राह्यते, आपल्याच अंगाले. ह्यायचा डावा डोळा चांगला हाय."

सहल आखणारे हॉटेलं पाहतात. या बाईने एका डोळ्याच्या सोयीने सगळा किनारा फिरवून घेतला होता. दुसरा नियम त्यांच्या जैन धर्माचा. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, म्हणून प्रत्येक टाचणी उजेडी पोहोचता येईल अशा गावावर.

सामान घेऊन मी माझ्या गाडीवर सोबत निघालो. तेवढ्यात रमजान लागला. प्रवासात रोजा न धरण्याची सूट असते, पण मला ती घ्यावीशी वाटली नाही. पद्माताईंनी लगेच हिशेब मांडला, "आमचं जेवण सूर्य बुडाच्या आंधी, तुमचं बुडाल्यावर. डब्बा एकच पुरते."

वाटेत समुद्र उघडा दिसला की त्या गाडी स्टँडवर लावायच्या आणि नवऱ्याची हनुवटी धरून तोंड नेमकं तिकडे वळवायच्या. सुरेशभाऊ म्हणायचे, "एरवी माह्या समुद्रात हिचं हेल्मेटच हाय."

आणि एका दुपारी रस्ताच संपला. पुढे खाडी. आमच्याकडे नदी आली की पूल असतोच, त्यामुळे लाल दोरा पाण्यावरून गेलाय, हे तिघांपैकी एकालाही खटकलं नव्हतं. मुक्कामाचं गाव पलीकडच्या काठावर. बोटवाला म्हणाला, "ओहोटी हाय. पाणी भरल्याशिवाय बोट सुटायची नाय."

आम्ही वाळूवर बसलो. ऊन कललं तसा मी दशम्यांचा डबा काढून पद्माताईंपुढे ठेवला, कारण त्यांची वेळ सरत आली होती. त्यांनी झाकणाला हात लावला आणि तेवढ्यात सुरेशभाऊ म्हणाले, "पद्मा, सापडला मले."

डाव्या हाताला, खाडीच्या तोंडावर, सूर्य अगदी पाण्याला टेकायला आला होता. त्यांच्या चिमूटभर नजरेत तो बरोबर बसला होता. जेवायला मान खाली घातली असती, तर तो पुन्हा सापडेपर्यंत बुडाला असता.

"खाली पाहू नका," पद्माताई म्हणाल्या. "तुमी तोच पाहा. बाकीचं मी सांगीन." आणि त्या सांगत बसल्या. उजवीकडे डोंगर, जांभळ्या रिळासारखा. डावीकडे होड्या. वर ढगाला जरीचा काठ. डबा तसाच राहिला. नेम इतका कडक पाळणारी ही बाई, पण त्या संध्याकाळी तिला भुकेची आठवण नव्हती.

सूर्य बुडाला. सुरेशभाऊ हळूच म्हणाले, "खरंच इतका लाल होता, का माह्या डोळ्याचा दोष?"

"उनातच पाह्यला ना तुमी? मंग खरा."

एवढं बोलून त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "घ्या, रफीकभाऊ. आमची येळ गेली, तुमची झाली."

आता सकाळपर्यंत त्या दोघांना काही खायचं नव्हतं. मी नको म्हणत होतो, तर त्यांनी स्वतः झाकण उघडून दशमी माझ्या हातात दिली. ती दोघं अजून पश्चिमेकडेच तोंड करून बसली होती, आणि मी रोजा सोडला.